हिरवी फांदी दिसली की कापा

मंडळी, पाऊस पडायला लागला की या सदराला हमखास एक प्रश्न येतो, ‘कुंपणाला काय लावू?’ या वेळी उत्तर आमच्याच दारातलं देतो. वर्षभर हाताळलेलं आहे, ऐकीव नाही.

तुलसी नगरातलं आमचं क्वार्टर आईच्या नोकरीचं. पुढच्या वर्षी ती निवृत्त होईल आणि घर सोडावं लागेल. समोरची तार गंजून पडली तेव्हा बाबांचं म्हणणं होतं, ‘दोन वर्षांसाठी कशाला झाडं? नवी तार ओढ आणि मोकळा हो.’ आईला मात्र झाडांचीच बागड हवी होती. जून 2024 मध्ये मंत्री-आमदारांच्या बंगल्यांसाठी आमच्या आणि शिवाजी नगरच्या भागातली हजारो झाडं तोडायचा प्रस्ताव आला होता. रहिवाशांच्या विरोधामुळे तो मागे घेतला गेला. त्यानंतर आईपुढे ‘कशाला झाडं’ म्हणायची सोयच राहिली नाही.

तसं पाहिलं तर मेंदी सगळ्यांत काटक, डुरांटा सगळ्यांत स्वस्त, आणि कामिनीला सुवास. आम्ही निवडलं ते दुरंगी पानांचं लिगस्ट्रम. इंग्रजीत याला प्रिव्हेट म्हणतात. मूळचं चीनकडचं झुडूप, पण कूळ आपल्या ओळखीचं, मोगरा आणि पारिजातकाचंच. बारीक पान, मध्ये हिरवं, कडेला दुधाळ पांढरं. संध्याकाळी अंधारातही फाटक कुठे आहे ते दिसतं.

भोपाळची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, म्हणून दीड फूट खोल चर खणला आणि मातीत शेणखत व वाळू मिसळली. जुलैत फूट-सव्वा फुटावर रोपं लावली आणि लगेच एक तृतीयांश शेंडे उडवले. इथे बहुतेकांचा हात थरथरतो. रोप उंच होऊ दे, मग कापू, असं वाटतं. मग कुंपण वर दाट आणि खाली उघडं होतं, आणि त्या भोकातून कॉलनीतली सगळी कुत्री ये-जा करतात. पहिल्या वर्षी कापत राहिलं तरच बुंध्यापासून फांद्या फुटतात. छाटताना खाली रुंद, वर निमुळतं ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. मे महिन्यात कात्री बंद. आमच्याकडे पश्चिमेच्या उन्हाने पांढऱ्या कडा करपल्या, पूर्वेच्या बाजूची पानं मात्र छान राहिली.

आता मुख्य गोष्ट. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही, नुसता खातो. या झुडपाच्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशींचे थर असतात. मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. तिच्याकडे अन्न जास्त, त्यामुळे ती बाकीच्यांच्या दुप्पट जोमाने वाढते. दुर्लक्ष केलं तर काही वर्षांत सगळं कुंपण साधं हिरवं. बागकामात याला ‘रिव्हर्ट’ होणं म्हणतात. आमच्या धंद्यातही हाच शब्द आहे, फक्त तिथे आपण मुद्दाम करतो. उपाय एकच, हिरवी फांदी दिसली की वरवर न छाटता जिथून निघाली तिथून कापायची. आईला हे जिवावर येतं. ‘अरे, सगळ्यात चांगली वाढलेली तीच कापतोस!’

फळं पिकू देऊ नका. ती काळी, मण्यांसारखी आणि विषारी असतात. पानंसुद्धा. लहान मुलं असतील किंवा गाय-बकरी तोंड घालत असेल तर सरळ मेंदी लावा. शिवाय पक्षी बिया दूर नेतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात या झुडपाने जंगलंच्या जंगलं व्यापली आहेत. नियमित छाटलेल्या कुंपणाला मुळात फुलंच कमी येतात.

बाबांच्या तारेला मी इतिहासातून उत्तर दिलं. इंग्रजांनी मिठाची चोरटी वाहतूक अडवायला सिंधूपासून आपल्या बऱ्हाणपूरपर्यंत काटेरी कुंपण उभारलं होतं. आधी ते वाळल्या काट्यांचं होतं. त्याला वाळवी लागायची, आग लागायची, दर वर्षी नवे काटे गाड्यांनी आणावे लागायचे. मग ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, म्हणजे पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतलेल्या ह्यूम यांनीच, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावून ते जिवंत करायचं धोरण नेटाने राबवलं. 1879 मध्ये ती सीमा बंद झाली. अन्यायाचं कुंपण होतं, गेलं ते बरंच झालं, पण जिवंत कुंपण आपली दुरुस्ती आपणच करतं एवढं ह्यूमसाहेबांना कळलं होतं. बाबा म्हणाले, ‘त्याला क्वार्टर सोडायचं नव्हतं.’

त्याला उत्तर काड्यांमध्ये आहे. बियांपासून येणारी रोपं बहुतेक हिरवीच निघतात, दुरंगीपणा टिकतो तो काडीतूनच. परवाच्या छाटणीतल्या वीतभर काड्यांची खालची पानं काढून आईने वाळूमिश्रित मातीच्या पिशव्यांत लावल्या आणि सावलीत ठेवल्या. महिना-दीड महिन्यात मुळं धरतील. एकूण बावीस पिशव्या आहेत. पाच शेजारच्या आंटींनी आत्ताच सांगून ठेवल्यात. उरलेल्या आमच्याबरोबर कोलार रोडच्या फ्लॅटवर जाणार. तिथली गॅलरी नेमकी पश्चिमेला आहे, आणि मेमध्ये कुंड्यांवर हिरवी जाळी बांधायची की ओली चादर, यावर बाबांचं मत आईपेक्षा वेगळं आहे.