समुद्राच्या नावे एक दिवस

उन्हाळी सुट्टीत अंदमानला जाण्याचा बेत हल्ली अनेक कुटुंबांत आखला जातो. दुकान फार दिवस बंद ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक दिवस मोजूनमापून ठरवलेला असतो. परंतु तेथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनेच जावे लागते, आणि समुद्र आपले वेळापत्रक मानत नाही.

मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो. अंदमानच्या समुद्रात मात्र तो २० मेच्या आसपासच पोहोचतो. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून एप्रिल किंवा मेचा पूर्वार्ध निवडणे श्रेयस्कर.

स्थळांचा क्रमही विचारपूर्वक लावावा. श्री विजयपुरम् म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर आधी स्वराज द्वीप (हॅवलॉक) व शहीद द्वीप (नील) पाहून घ्यावे. सेल्युलर जेल शेवटी ठेवावे. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी आपण शहरात असलेच पाहिजे. बोट रद्द झाल्यास तिचे भाडे सहसा परत मिळते. चुकलेल्या विमानाचे मिळेलच असे नाही. बँक सर्व ठेवी कर्जाऊ देत नाही, काही रक्कम राखून ठेवते. हा दिवसही तसाच राखीव समजावा.

स्वराज द्वीपाला सरकारी बोट साधारण अडीच तासांत, तर खासगी वेगवान बोट दीड तासात पोहोचते. तिकिटे निघण्यापूर्वीच काढावीत आणि प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र हाताशी ठेवावे. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसावे व नजर क्षितिजावर ठेवावी. औषध डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घ्यावे. उलटी सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तेथील घड्याळ आपलेच असले, तरी ही बेटे बरीच पूर्वेला आहेत. मे महिन्यात मुंबईत सूर्य सातनंतर मावळतो, तेथे साडेपाचच्या सुमारास. दुपारच्या बोटीने निघाल्यास मुक्कामी पोहोचून स्वयंपाकाची सोय होईपर्यंत वेळ टळून जाते. सकाळचीच बोट घ्यावी आणि खाकरा, दशमी व उकळलेले पाणी जवळ बाळगावे.

समुद्र शांत राहिला, तर राखीव दिवसही वाया जात नाही. सेल्युलर जेलच्या कोठड्यांपुढे घाईने पुढे न सरकता, नातवंडांना तो इतिहास सावकाश सांगता येतो.