खानेसुमारी आणि जातीचा रकाना

ज्या खानेसुमारीची संदर्भतिथि १ मार्च २०२७ ही ठरविण्यांत आली, तींत प्रत्येक माणसाची जात लिहून घ्यावी असा निर्णय केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं घेतला. १९३१ नंतर देशाच्या खानेसुमारींत सर्व जातींचे आंकडे प्रसिद्ध झाले नाहींत. १९५१ पासून केवळ अनुसूचित जाती व जमाती यांचीच गणना होत आली. घरोघर जाणारे प्रगणक बहुधा शिक्षकच असतात. म्हणून शाळेच्या वार्षिकांत ह्या प्रश्नाचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

कित्येक सुजाण गृहस्थ विचारतात कीं, जात मोडावयाची तर ती लिहावी कशाला? हा आक्षेप पोकळ नव्हे. १९०१ च्या खानेसुमारींत रिस्ले साहेबांनीं जातींची उच्चनीच प्रतवारी लावूं म्हटलें, तेव्हां वरची पायरी मिळावी म्हणून सरकारकडे अर्जांची रीघ लागली. १८७१ च्या कायद्यानें जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, परंतु डाग गेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत हॉलंड जर्मनांच्या हातीं पडलें, तेव्हां तेथील चोख लोकनोंदणीच यहुदी कुटुंबें हुडकून काढण्यास उपयोगी पडली. लिहिणाऱ्याचा हेतु शुद्ध असला, तरी वही उद्यां कोणाच्या हातीं जाईल हें त्यास ठाऊक नसतें.

तथापि न मोजण्यानेंही अन्याय होतो. मंडल आयोगानें १९८० सालीं मागास वर्गांचें प्रमाण ५२ टक्के धरलें, तें १९३१ च्या आंकड्यांच्या आधारें. पुढें ४ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्याच राज्यांतील कांहीं जिल्हा परिषदांमधील इतर मागास वर्गांच्या राखीव जागा रद्द केल्या. कारणांपैकीं एक हें कीं, सरकारपाशीं समकालीन माहितीच नव्हती.

आमच्या सातिवलीच्या आसपासचीच गोष्ट घ्या. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलें कातकऱ्याचें मूल हजेरीपटावर नुसतें ‘गैरहजर’ दिसतें. अशीं कोणत्या जमातीचीं किती मुलें शाळेंतून गळालीं, हें मोजल्यावांचून त्यांचा कैवार कोण घेणार?

आम्हां ख्रिस्ती लोकांस हा रकाना विशेष बोचतो. प्रभूच्या मेजाशीं जात नाहीं असें आम्ही शिकवितों; परंतु सोयरीक जुळवितांना सामवेदी, वाडवळ, कोळी हा विचार वसईच्या ख्रिस्ती घरांत कधींच होत नाहीं, असें कोण म्हणेल? शिवाय १९५० च्या आदेशान्वयें अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंस मिळाला, १९५६ सालीं तो शिखांस व १९९० सालीं बौद्धांस लागू झाला. ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेरच राहिले. त्यामुळें दलित कुळांतील ख्रिस्ती मनुष्यानें आपला धर्म खरा सांगितला तर सवलत जाते, आणि सवलत राखावयाची तर धर्म लपवावा लागतो. खरें बोलणाऱ्यास जेथें दंड भरावा लागतो, तेथील नियम सुधारणें हें सरकारचें कर्तव्य आहे.

दावीद राजानें तरवार धरणारे किती हें मोजविलें, तें देवास आवडलें नाहीं. परंतु हरवलेल्या एका मेंढराची आठवण मेंढपाळास होते, ती शंभर मोजलेलीं असतात म्हणूनच. तात्पर्य, गणना कशासाठीं हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या मतें जात विचारावी, पण तीन अटींवर. पहिली, उत्तर ज्याचें त्यानें द्यावें. प्रगणकानें आडनांवावरून तर्क करूं नये, आणि कोणी ‘जात नाहीं’ म्हटल्यास तसेंच लिहावें. दुसरी, १९४८ च्या कायद्यानें व्यक्तीच्या उत्तरास जी गुप्तता दिली आहे ती कसोशीनें पाळावी. तिसरी, एकंदर आंकडे दडवून न ठेवतां प्रसिद्ध करावेत व त्यांवरून शाळा, दवाखाने आणि जागा यांची वांटणी तपासावी.

पालकांस आमची विनंती आहे कीं, प्रगणक दारीं आल्यास न लाजतां व न फुगवितां खरें तें सांगावें. आणि विद्यार्थ्यांनो, सरकारास हा प्रश्न विचारण्याचें कांहीं कारण आहे. तुम्हांस बाकावर शेजारीं बसणाऱ्यास तो विचारण्याचें कांहींच कारण नाहीं.