भिस्त यंत्रावर, हात मात्र रिकामे

ढगांत शिरलेल्या लहान विमानाचा वैमानिक बहुधा एकटाच असतो. क्षितिज दिसेनासे होते, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय खोटी साक्ष देऊ लागते, आणि नेमके तेव्हाच नियंत्रण कक्षाशी बोलणे, आलेख वाचणे, वेग व उंची राखणे ही सारी कामे त्याच्यावर येऊन पडतात. अशा वेळी ऑटोपायलट हा दुसरा सहकारीच होय. त्याला नाके मुरडणाऱ्या जुन्या वैमानिकांशी आम्ही सहमत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. अमेरिकेत अशा उड्डाणाचा अधिकार चालू ठेवण्यासाठी खासगी वैमानिकाने मागील 6 महिन्यांत केवळ उपकरणांच्या आधारे 6 वेळा धावपट्टीकडे उतरत येण्याचा सराव केलेला असावा लागतो. त्यांतला एक तरी स्वतःच्या हातांनी करावा, असे मात्र नियम म्हणत नाही. सहाही वेळा यंत्राने विमान आणले तरी कागद पूर्ण!

हाताला जे कळते, ते यंत्र सांगत नाही. 9 जानेवारी 1997 रोजी डेट्रॉईटकडे उतरणारे कॉमएअरचे एम्ब्रेअर 120 हे प्रवासी विमान कोसळले व 29 जण मृत्युमुखी पडले. पंखांवर बर्फ साचत होता आणि एका बाजूला झुकू पाहणारे विमान ऑटोपायलट मुकाट्याने सावरत होता. मर्यादा संपताच तो सुटला. बर्फासंबंधीच्या अपुऱ्या निकषांचा दोष चौकशीत प्रामुख्याने विमान प्रशासनावर आला, हे खरे. पण सुकाणू हातात असते तर तो वाढता ओढा वैमानिकांना बहुधा जाणवला असता, असेही तपास यंत्रणेने नोंदविले.

लहान विमानांत आणखी एक मेख असते. यंत्राने उंची धरून ठेवली असताना वैमानिकाने सुकाणू पुढे रेटले, तर कित्येक यंत्रणा उलट नाक वर उचलणारा ट्रिम देत राहतात. यंत्र बंद होताच विमान उसळते. उतरताना जमीन जवळ आलेली असते, तेव्हा ते सावरायला उसंत कुठली?

जानेवारी 2013 मध्ये त्याच प्रशासनाने विमान कंपन्यांना हाताने उड्डाण करण्यास उत्तेजन देण्याची सूचना केली. ज्यांच्याकडे दोन वैमानिक असतात त्यांना सूचना, आणि एकट्याने उडणाऱ्याला मोकळीक, हा न्याय अजब म्हणावा लागेल. त्या सहांपैकी निदान दोन वेळा ऑटोपायलट बंद ठेवून, शेजारी प्रशिक्षक बसवून, विमान 200 फुटांपर्यंत खाली आणण्याची सक्ती हवी. वैमानिकांच्या क्लबांना हे नियम बदलण्यापूर्वीही सुरू करता येईल.