मुका झालेला हॉर्न

कोल्हापूर-सांगली भागात भाद्रपद उजाडेपर्यंत ऊस डोक्याच्या वर जातो आणि गावोगावचे अरुंद रस्ते दोन हिरव्या भिंतींच्या आड दडून जातात. अशा रस्त्याच्या वळणावर पलीकडून ट्रॅक्टर येत आहे की शाळा सुटलेली मुले सायकलवरून येत आहेत, हे डोळ्यांना कळत नाही. तेथे मोटारसायकलस्वाराच्या हाती इशारा देण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे हॉर्न. दिवा गेला तर पहिल्याच अंधारात समजते. ब्रेक सैल झाला तर पायाला जाणवते. हॉर्न मात्र नेमकी गरज पडेपर्यंत आपले मौन कळू देत नाही. म्हणून हा दोष किरकोळ मानून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत लांबवणे योग्य नाही. तो शोधण्याची रीत अवघड नसून घरातील कोणाही समंजस व्यक्तीला ती अर्ध्या तासात जमण्यासारखी आहे.

प्रथम हॉर्नची रचना समजून घेतली पाहिजे. गोल डबीच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि डबीच्या तोंडाशी पोलादाचा पातळ पडदा घट्ट बसवलेला असतो. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की त्याचे चुंबक बनते व ते पडद्याला आत ओढते. पडदा आत येताच त्याच्या हालचालीने एक लहानसा पॉइंट उघडतो आणि वीज तुटते. वीज तुटताच चुंबकत्व जाते, पडदा मागे उसळतो, पॉइंट पुन्हा मिटतो आणि वीज पुन्हा सुरू होते. हे चक्र एका सेकंदात काही शे वेळा घडते आणि त्या थरथरण्यालाच आपण आवाज म्हणतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील विजेच्या घंटेचे तत्त्व ते हेच.

या डबीपर्यंत वीज पोहोचण्याचा मार्गही ठरलेला आहे. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, हँडलवरील बटण, हॉर्न आणि पुन्हा बॅटरीचे ऋण टोक, अशी ही वाट असते. बटणाची जागा मात्र सर्व गाड्यांत सारखी नसते. काही गाड्यांत बटण हॉर्नच्या आधी असते व दाबल्यावर धन वीज पुढे सोडते. काहींत धन वीज हॉर्नपाशी आधीच येऊन थांबलेली असते व बटण दाबल्यावर तिला गाडीच्या सांगाड्याकडे, म्हणजे अर्थिंगकडे वाट मिळते. हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर पुढील तपासणीत घोटाळा होतो.

हत्यार हाती घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. निम्मा दोष तेथेच उलगडतो. चावी चालू असताना इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा लागतो का? बहुतेक गाड्यांत हे दिवे व हॉर्न एकाच फ्यूजवर असतात. तिन्ही एकदम बंद असतील तर हॉर्नकडे न वळता फ्यूज आणि बॅटरी पाहावी. इंडिकेटर लागतात, पण हॉर्न अगदी गप्प आहे, तर बटण, वायर किंवा खुद्द हॉर्न यांपैकी एकात दोष आहे. बटण दाबल्यावर एकदाच ‘टक्’ असा आवाज होऊन शांतता पसरत असेल, तर वीज पोहोचते आहे, परंतु पॉइंट अडकला आहे किंवा बॅटरी दुबळी आहे. हँडल एका बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल, तर हँडलच्या मानेजवळ सतत वाकून वायर आतून तुटली आहे, असे खुशाल समजावे.

बॅटरीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाडी किकने सुरू होते आणि पुढचा दिवा झगझगीत लागतो, तेव्हा बॅटरी ठीकच असणार, असे गृहीत धरले जाते. पुष्कळशा जुन्या गाड्यांत पुढचा दिवा बॅटरीवर नसून इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाजवळील स्थिर कॉइलवर लागतो आणि ठिणगीलाही बॅटरी लागत नाही. अशा गाडीत बॅटरी मरणपंथाला लागली तरी गाडी पळत राहते आणि तिचा पहिला निरोप हॉर्नच्या घोगऱ्या आवाजातून येतो. मल्टिमीटर असेल तर पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन वाढवल्यावर हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ या दरम्यान गेला पाहिजे. तो जागचा हलत नसेल, तर चार्जिंगमध्येच दोष आहे आणि नवा हॉर्न घेऊन काहीही साधणार नाही.

फ्यूज उडालेला दिसला तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. त्या जागी तांब्याची तार किंवा चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागद गुंडाळणे हा उपाय नव्हे. पेट्रोलच्या टाकीखालून जाणाऱ्या वायरींना आग लागण्याची ती सोय आहे. नवा फ्यूज चावी फिरवताच उडाला तर वायर कोठेतरी सांगाड्याला घासून उघडी पडली आहे. हॉर्नचे बटण दाबतानाच उडाला तर दोष हॉर्नच्या शाखेत आहे.

यानंतरची कसोटी निर्णायक आहे. चावी बंद करून हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात. फ्यूज जोडलेल्या वायरच्या दोन तुकड्यांनी बॅटरीची दोन टोके थेट हॉर्नच्या दोन पिनांना क्षणभर लावावीत. ही तुकड्यांची टोके एकमेकांना किंवा सांगाड्याला लागू देऊ नयेत, आणि पेट्रोलचा वास येत असेल तेथे हे काम मुळीच करू नये. हॉर्न खणखणीत वाजला तर तो निर्दोष आहे. शोध वाटेत घ्यावयाचा. न वाजला तर दोष डबीतच आहे.

वाटेतील दोष शोधताना साधा टेस्ट लॅम्प उपयोगी पडतो. परंतु बल्ब कोणता, याला महत्त्व आहे. अनेक तारांच्या पिळातील एकच तार शाबूत असली तरी लहान बल्ब उजळतो आणि मल्टिमीटरही १२ व्होल्ट दाखवतो. हॉर्नला मात्र दोन-तीन अँपिअर वीज लागते आणि ती त्या एका तारेतून जाऊ शकत नाही. म्हणून पुढच्या दिव्याचा ३५ वॅटचा जुना बल्ब घ्यावा. तो सुमारे तीन अँपिअर वीज ओढतो. तो हॉर्नच्या जागी दोन वायरींमध्ये जोडून, चावी चालू करून बटण दाबावे. पूर्ण तेजाने लागला तर वाट साफ आहे. मंद लागला तर कोठेतरी गंज, सैल जोड किंवा झिजलेली तार आहे.

बल्ब लागलाच नाही, तर त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला ठेवून दुसरे हॉर्नच्या प्रत्येक वायरला लावून पाहावे. बटण न दाबताच एका वायरवर बल्ब लागला, तर गाडी अर्थिंगचे बटण असलेल्या प्रकारातील आहे. अशा वेळी वायरी हॉर्नला परत जोडून, त्याच्या दुसऱ्या पिनेला वायरच्या तुकड्याने सांगाड्याचा स्वच्छ, रंग नसलेला भाग जोडावा; हॉर्न वाजला तर दोष बटणात किंवा बटणाकडे जाणाऱ्या वायरीत आहे, हे सिद्ध झाले. बटण दाबूनही कोणत्याच वायरवर बल्ब लागत नसेल, तर बटण, चावीचा स्विच आणि त्यांच्यामधील जोड ओळीने तपासावेत.

बटणाचे आवरण हँडलच्या डाव्या बाजूस दोन स्क्रूंनी बसवलेले असते. ते उघडताना खाली कापड अंथरावे, कारण आतील लहान स्प्रिंग उसळून हरवते. पावसाळ्यानंतर आतल्या पितळी पट्टीवर तांब्याच्या भांड्यावर येतो तसा हिरवट थर चढलेला दिसतो. बारीक पॉलिश पेपरने तो हलक्या हाताने काढून, पट्टी कोरड्या कापडाने पुसून बसवली की पुष्कळ हॉर्न एक पैसाही न खर्चता बोलू लागतात.

डबीतच दोष असेल तर तिच्या मागील बाजूचा लहान स्क्रू पाहावा. तो पॉइंटचे अंतर ठरवतो. त्याची मूळ जागा खुणेने नोंदवून तो एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि प्रत्येक वेळी बटण क्षणभरच दाबून ऐकावे. आवाज स्वच्छ झाला की थांबावे व स्क्रूवर रंगाचा थेंब लावावा, म्हणजे तो थरथरीने सरकत नाही. पडद्याच्या मध्यावरील मोठ्या नटाला मात्र हात लावू नये. त्याने पडदा आणि चुंबक यांतील अंतर बिघडते आणि बरा होऊ शकणारा हॉर्नही कायमचा जातो. हॉर्न ज्या लवचिक पट्टीवर टांगलेला असतो, ती वाकून डबी अन्य धातूला टेकली तरी आवाज कोंडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या बुडाल्या, तशा गाडीचा हॉर्न पुसून वाजला तरी आतले पॉइंट गंजत राहतात; तो बदलणेच शहाणपणाचे.

बदलताना मोठ्या आवाजाचा जोड-हॉर्न बसवण्याचा मोह अनेकांना होतो. दोन हॉर्न दुप्पट वीज ओढतात. रिले न लावता ते मूळ बटणावर चालवले तर बटणाचे पॉइंट जळतात आणि दोष नव्याने उभा राहतो. अनेक सुरांचे किंवा कर्णकर्कश हॉर्न तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार निषिद्धच आहेत. विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ नुसार प्रथम १,००० रुपये व पुन्हा तोच अपराध केल्यास २,००० रुपये दंड आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतीच्या घोषित शांतता क्षेत्रात, आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवण्यास मनाई आहे.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवणे अपरिहार्यच असेल, तर उसाच्या वळणावर आणि घाटात वेग इतका कमी ठेवावा की, दिसेल तेवढ्या रस्त्याच्या निम्म्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. हॉर्न सुधारल्यावर आठवड्यातून एकदा, घरातून निघताना भरदिवसा तो अर्धा क्षण वाजवून पाहावा. मुलाच्या हाती प्रथमच गाडी देताना त्याला हीच सवय लावावी, आणि सोबत हेही सांगावे की, हॉर्न पुढच्याला बाजूला सारण्यासाठी नाही. आपण येत आहोत, हे त्याला वेळेत कळावे एवढ्यासाठीच आहे.