गोणीवरचं नाव पाकिटावर हवं

कापसाची प्रत ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. एकाधिकार खरेदीचे दिवस होते. १९७२ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, असा कायदा होता. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. आम्ही ग्रेडर एकेका गाडीतला कापूस चिमटीत धरून ओढायचो, धाग्याची लांबी बघायचो, कवडी किती, पाला किती, ओल किती याचा अंदाज घ्यायचो आणि प्रत लिहायचो. प्रत लिहिली की गाडी ढिगावर रिकामी. ढिगात गेलेल्या कापसाला मग गाव उरत नसे आणि शेतकरीही उरत नसे. एखाद्या बाईने दव उतरल्यावर, बोंडाला पाला चिकटू न देता निगुतीने वेचणी केलेली असली तरी गिरणीत सूत काढणाऱ्याला ती कोण हे कधीच कळायचं नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं कॉफीचं. नागपुरात हिंगणा रस्त्याला एका तरुणाने कॉफी भाजायचं युनिट टाकलं आहे. पुतण्याच्या ओळखीने मी तिथे गेलो आणि दुपारभर थांबलो. नाव देत नाही, कारण मला त्याच्या मालाची शिफारस करायची नाही. त्याच्या शेडमध्ये जे दिसलं ते प्रत्येक कॉफी आणि चहा विकणाऱ्याकडे का दिसू नये, एवढंच मला विचारायचं आहे.

शेडमध्ये शिरल्यावर आधी गोण्या दिसतात. तागाच्या गोणीवर काळ्या शाईने इस्टेटचं नाव, जिल्हा, लॉट नंबर आणि हंगामाचं वर्ष छापलेलं. आत कच्चा दाणा, फिकट हिरवा. मी सवयीने मूठभर घेऊन उजेडात धरला. त्याला बरं वाटलं असावं. म्हणाला, "काका, वास घ्या आधी." वाळल्या गवताचा वास होता. मग त्याने प्रतवारी समजावली आणि मी कान टवकारून ऐकली. फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला बाजारात 'प्लँटेशन' म्हणतात, तशाच रोबस्टाला 'पार्चमेंट'. फळ आहे तसंच उन्हात वाळवलं तर 'चेरी'. चाळणीवर दाण्याचा आकार ठरतो, त्यावरून ए, बी, सी. फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा भरला तर 'पीबेरी', तो वेगळा काढतात.

मी विचारलं, गोणीवर हे नाव पहिल्यापासून असायचं का? त्याला माहीत नव्हतं. मला थोडंफार माहीत होतं, कारण सरकारी खरेदीच्या योजना हा आमच्या खात्यात चर्चेचा विषय असे. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाचा 'पूल' आला. बागायतदाराने आपली सगळी कॉफी बोर्डाकडे जमा करायची, बोर्ड तिचा लिलाव करणार, पैसे हप्त्याहप्त्याने मिळणार. युद्धामुळे परदेशी बाजार बंद पडले होते, त्या काळात या व्यवस्थेने बागायतदार तगला हे खरं. पण पन्नास वर्षं चांगली कॉफी आणि सुमार कॉफी बोर्डाच्या ढिगात एकत्र झाली. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि १९९६ मध्ये उठली. आज गोणीवर जे नाव दिसतं ते त्या मोकळिकीमुळे. कॉफीचा तो पूल म्हणजे आमच्या कापसाच्या ढिगाचा सख्खा भाऊच म्हणायचा. फरक इतकाच की कॉफीला तिचं नाव परत मिळायला सुरुवात झाली, कापसाला अजून नाही.

आता भाजणं. ड्रमला खालून गॅसची आच. ड्रम दोनशे अंशांच्या आसपास तापला की वरच्या नरसाळ्यातून दाणे आत सोडतात. पहिली काही मिनिटं दाणा फक्त पाणी सोडत असतो. हिरवा रंग जाऊन पिवळा येतो. ड्रमच्या तोंडाशी एक लांबट पळी बसवलेली असते. ती ओढून तो दाणे बाहेर काढायचा, नाकाशी न्यायचा, पुन्हा आत ढकलायचा. मलाही दिली. गवताचा वास गेला होता, भट्टीतल्या पावाचा आला होता. पुढच्या पळीत करपायच्या बेतात आलेल्या साखरेचा. नवव्या मिनिटाच्या पुढेमागे आत तडतड सुरू झाली. दाण्यात कोंडलेली वाफ आणि वायू दाणा उकलून बाहेर पडतात, त्याला हे लोक 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. इथून तो माझ्याशी बोलेनासा झाला. एक डोळा तापमानाच्या रेषेवर, एक घड्याळावर, हात झडपेवर. दीडेक मिनिटात त्याने झडप उघडली आणि तपकिरी दाणे खालच्या गोल ट्रेमध्ये सांडले. फिरत्या पात्यांनी ते ढवळले जात होते, खालचा पंखा गरम हवा ओढून घेत होता. दहा किलो कच्चे टाकले तर साडेआठाच्या आसपास भाजलेले निघतात.

इतक्या लवकर का काढले, आणखी काळे का नाही केले? तो म्हणाला, "पूर्ण काळे केले तर सगळेच सारखे लागतात, काका. मग गोणीवरच्या नावाला काय अर्थ?"

नंतर त्याने चव दाखवली. या धंद्यात तिला 'कपिंग' म्हणतात. जाडसर दळलेली पूड कपात, वर उकळी खाली बसलेलं पाणी, चार मिनिटं हात लावायचा नाही. मग वर आलेला पुडीचा थर चमच्याने फोडायचा, त्या क्षणी नाक कपाशी हवं. फेस काढून टाकायचा आणि चमच्यातली कॉफी आवाज करत ओढायची, म्हणजे ती जिभेवर सगळीकडे पसरते. दूध नाही, साखर नाही. पहिला कप चिकमगळूरकडच्या एस ७९५ वाणाचा. बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे, तिथे तांबेऱ्याला तोंड देणारा वाण म्हणून तो तयार झाला. ही कॉफी आंबट निघाली, चिंचेच्या कोळात गूळ घातल्यावर येते तशी गोडसर आंबट. त्याच इस्टेटची, त्याच वाणाची, पण फळासकट वाळवलेली कॉफी दुसऱ्या कपात होती, आणि तिला पिकल्या फणसाचा वास होता. एकच झाड, एकच माती, फक्त वाळवणं वेगळं. तिसरा कप वायनाडच्या धुतलेल्या रोबस्टाचा. रोबस्टाला हलक्यात काढायची रीत आहे. ती किती चुकीची आहे हे त्या कपाने सांगितलं: दाट, भाजल्या शेंगदाण्याची, कडवटपणा ताब्यात ठेवलेली. भारतात वर्षाला साधारण साडेतीन लाख टन कॉफी होते, तीत सत्तर टक्क्यांच्या आसपास रोबस्टाच असते आणि एकूण कॉफीतली बरीचशी देशाबाहेर जाते.

आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधात ढवळलेली पूड आणि वर किसलेलं जायफळ. रात्री गाण्याची बैठक रंगली की आमच्या घरी तीच व्हायची, अजूनही होते, आणि मला ती आवडते. चिकोरीबद्दलही माझी तक्रार नाही. फिल्टर कॉफीला जो दाटपणा येतो त्यात तिचा वाटा मोठा आहे. जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशातल्या एटा भागात शेतकरी ती पिकवतात. कायद्याने मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. चिकोरी किती हे सांगायची सक्ती आहे, तर उरलेली ५१ टक्के कॉफी कुठली, कुठल्या हंगामाची आणि कधी भाजलेली हे सांगायची सक्ती का नाही? पाकिटावर तारीख असते ती मालाच्या निर्मितीची किंवा भरण्याची. भाजल्यावर दाण्याची चव काही आठवडे चांगली टिकते, पूड केली की फार लवकर उडते. भाजल्याची तारीख ठाऊक नसलेलं गिऱ्हाईक अंधारात पैसे मोजतं.

चहाची गोष्ट याहून वाईट आहे. कॉफी आणि चहा यांचं नातंही जुनं. १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा पडला, पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे उजाड झाले आणि त्या जमिनीवर चहा उभा राहिला. या शेडमध्ये एका कपाटात चहाचे डबेही आहेत आणि ते बघणारी मुलगी दार्जिलिंगकडे काम करून आलेली आहे. तिने निलगिरीचा आणि कांगड्याचा चहा पाजला, पण माझं लक्ष अडकलं ते दार्जिलिंगच्या 'सेकंड फ्लश'मध्ये. मे-जूनच्या खुडणीचा हा चहा. पाणी उकळीच्या जरा खाली, पान तीन मिनिटं, मग गाळून बाजूला. रंग तांबूस, वास द्राक्षांचा. द्राक्ष कुठून आलं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "पानावर कीड पडते त्यामुळे, काका. छोटा हिरवा तुडतुडा."

तुडतुडा! आयुष्यभर कपाशीवर मी ज्याला शिव्या घातल्या तो. पानाच्या कडा पिवळ्या, मग लाल, मग पान खालच्या बाजूला वळलेलं, की समजायचं रस शोषला गेला. चहावरचा तुडतुडा त्याच कुळातला आहे. तोही रस शोषतो, पण चहाचं पान त्याला उत्तर म्हणून सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून हा द्राक्षाचा वास येतो. सरसकट फवारणी केली तर कीड जाईल आणि हा वासही जाईल. तो कप मी फार सावकाश प्यायलो.

देशात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला फार मोठा भाग सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. आलं घालून उकळलेल्या चहाला तोच लागतो आणि पहाटे पाळीवर जाणाऱ्या माणसाचा दिवस त्यावर उभा असतो, त्याला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण या चहातलं जवळपास अर्धं पान लहान चहाउत्पादक पिकवतात. ते हिरवं पान कारखान्याला विकतात आणि तिथे ते ढिगाला लागतं. दार्जिलिंगला २००४ मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्या नावाखाली दुसरीकडचा चहा खपतो ही तिथल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. २०१९ मध्ये बाबाबुदनगिरी, चिकमगळूर, कोडगू, वायनाड आणि अरकू या कॉफ्यांनाही मानांकन मिळालं. आमच्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये मिळालेलं आहे. मानांकन प्रदेशाला मिळतं. चांगली तोडणी कोणी केली हे त्यावरून कळत नाही.

इथे एक अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. गोणीवर इस्टेटचं नाव छापता येतं ते मोठ्या बागायतदाराला. कॉफी पिकवणारे बहुतेक शेतकरी लहान आहेत. त्यांच्याकडे गर काढायचं यंत्र नाही, वाळवायला पुरेसं अंगण नाही. पैशांची निकड असते म्हणून फळ वाळलं न वाळलं तोच व्यापारी उचलतो. नावानिशी विकण्याच्या या नव्या रीतीत तेच मागे पडले तर मला ती रीत नको. वाट नाही असंही नाही. आंध्र प्रदेशात अरकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी सहकारी संस्थेतून एकत्र येऊन आपली कॉफी एका नावाखाली बाजारात नेली आणि ती पॅरिसपर्यंत पोचली. आपल्याकडे गाविलगडाच्या डोंगरात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. ब्रिटिश काळात आलेली ही लागवड थोडी आहे, फार वाढणारही नाही. पण मेळघाटातल्या कोरकू कुटुंबांना गर काढायचं एखादं सामाईक यंत्र आणि वाळवायचे ओटे मिळाले, तर नागपूर-अमरावतीच्या दुकानात चिखलदऱ्याचं पाकीट दिसायला हरकत काय? वन विभाग, आदिवासी विकास विभाग आणि कॉफी बोर्ड यांनी एकत्र बसून ठरवण्यासारखी ही गोष्ट आहे.

परवडण्याचा मुद्दा निघेल. नावानिशी विकली जाणारी कॉफी पाव किलोला पाचशेच्या घरात जाते. कपाला पंधरा ग्रॅम धरली तर एक कप तीस रुपयांच्या आसपास पडतो. टपरीच्या चहापुढे हे महाग आहे आणि रोजंदारीवरच्या माणसाने ते मोजावेत असं मी म्हणत नाही. पण शनिवारी मॉलमध्ये एका कपाला दोनशे-अडीचशे मोजणारी कुटुंबं नागपुरात भरपूर आहेत. त्यांनी काउंटरवर विचारावं: दाणा कुठला, कधी भाजला, पिकवणाऱ्याला किती मिळाले. दहा जणांनी विचारलं की दुकानदार माहिती ठेवू लागतो, हे मी बाजारात पाहिलेलं आहे.

शेवटचा प्रश्न मी त्या तरुणालाही विचारला. चिकमगळूरच्या इस्टेटला त्याने पन्नास किलोच्या गोणीमागे बाजारापेक्षा किती जास्त दिले ते सांगितलं, पावती दाखवली. वायनाडच्या रोबस्टाबद्दल मात्र तो थांबला. ती व्यापाऱ्याकडून घेतली होती आणि शेतकरी कोण, त्यांना काय मिळालं, हे त्याला माहीत नव्हतं. २०२४ मध्ये रोबस्टाचे भाव विक्रमी चढले, त्यातलं शेतापर्यंत किती पोचलं हे मला कळायला हवं आहे. वायनाडची तोडणी डिसेंबरात सुरू होते. या वेळी व्यापाऱ्याकडून शेतकऱ्यांची यादी आणि प्रत्येकाला दिलेला भाव मागून घेतो असं त्याने कबूल केलं आहे. यादी आली की पाकिटावर छापायची की नाही हे आम्ही दोघं बसून ठरवणार आहोत, आणि माझं मत मी त्याला आधीच सांगून ठेवलं आहे.