अवमान म्हणजे अपमान नव्हे



न्यायालयाचा आदेश अधिकाऱ्यांनी पाळला नाही, या बातमीला गेल्या आठवड्यात तुम्ही 'न्यायालयाचा अपमान' असा मथळा दिलात. वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर हे रोजच चालते. छापील वर्तमानपत्रानेही तेच करावे याचा संताप आला, म्हणून हे पत्र.

अपमान माणसाचा होतो. चारचौघांत कोणी घालूनपाडून बोलले, पाणउतारा केला, की ज्याचा झाला त्याला तो बोचतो. त्याने मनावर घेतले नाही तर विषय तिथेच संपतो. न्यायालयाचा अवमान न्यायाधीशांच्या मनावर असा अवलंबून नाही. 1971च्या न्यायालय अवमान कायद्यात त्याचे दोन प्रकार आहेत. न्यायालयाची अप्रतिष्ठा करणे, न्यायदानात अडथळा आणणे हा फौजदारी अवमान. निकाल, आदेश किंवा न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा दिवाणी. 2020मध्ये वकील प्रशांत भूषण यांना फौजदारी अवमानासाठी एक रुपया दंड झाला, त्याची देशभर चर्चा झाली आणि अवमान म्हणजे न्यायाधीशांवर टीका, एवढेच लोकांच्या डोक्यात राहिले. तुमची बातमी दुसऱ्या प्रकारातली होती.

दिवाणी अवमानात खरा पोळतो तो खटला जिंकलेला माणूस. निवृत्तिवेतनाचा किंवा भूसंपादनाच्या मोबदल्याचा निकाल वर्षानुवर्षांनी बाजूने लागतो आणि खाते तो धाब्यावर बसवते. मग पुन्हा वकील गाठायचा, अवमान याचिका करायची, तीही कलम 20 प्रमाणे अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत. शिक्षा जास्तीत जास्त 6 महिने साधी कैद किंवा 2,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. न्यायालयाचे समाधान होईल अशी माफी मागितली तर तीही टळू शकते. 'अपमान' छापले की वाचकाला वाटते, साहेब आणि न्यायमूर्ती यांच्यातला हा मानापमान आहे. माफी मागितली, मिटले. त्या माणसाचे निवृत्तिवेतन सुरू झाले का, हे कोणी विचारत नाही. तुमच्या बातमीतही ते नव्हते.

कोशात हे दोन शब्द शेजारी असतील, कायद्यात नाहीत. आणि खात्याच्या अशा वागण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अवहेलनेत समोरच्याला कमी लेखणे असते, उपेक्षेत त्याच्याकडे पाहणेच सोडलेले असते, हेळसांडीत निव्वळ बेफिकिरी. तिरस्काराला तर मनातून तिटकारा लागतो. खात्याला निवृत्त शिक्षकाचा तिरस्कार नसतो. तो त्यांच्या खिजगणतीतच नसतो. ही उपेक्षा आहे, आणि माझ्या मते ती तिरस्काराहून वाईट.

'अपमान' या शब्दाची चटक राजकारण्यांनी लावली. कोणी काही बोलले की महाराष्ट्राचा अपमान, दुसऱ्या दिवशी मतदारांचा अपमान, आणि तुम्ही ते जसेच्या तसे पहिल्या पानावर छापता. शेतकऱ्याला पीकविम्यासाठी हेलपाटे घालायला लावतात, त्या अवहेलनेला मात्र आतल्या पानाचा कोपरा.

यापुढे मथळ्यात 'अवमान' लिहा. बातमीत आदेश कोणता होता, तो कोणाच्या बाजूने होता आणि आजवर किती अंमलात आला, हेही छापा.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा