मोफत गोळीची बुडालेली मजुरी

उच्च रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, असे शासन सांगते. आणि साठा असेल तेव्हा ती मिळतेही. परंतु ती आणण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील शेतमजुराला एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते, हा खर्च शासनाच्या हिशेबात धरला जात नाही. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राची वारी करणाऱ्या मजुराचे या दराने वर्षाकाठी ३५६४ रुपये बुडतात. जाण्यायेण्याचे भाडे आणि रांगेतील ताटकळणे वेगळेच. ज्या गोळीची घाऊक किंमत अत्यल्प आहे, ती गरिबाच्या हाती पडेपर्यंत अशी महाग होते.

या आजाराचा स्वभावही गरिबाच्या विरुद्ध जाणारा आहे. ताप आला की माणूस आडवा पडतो, हाड मोडले की ओरडतो. रक्तदाब मात्र दुखत नाही आणि खुपत नाही. पेरणी, निंदणी, सोयाबीनची सवंगणी, कपाशीची वेचणी अशी हातघाईची कामे समोर असताना न दुखणाऱ्या आजारासाठी दिवस मोडणे कोणत्याही कष्टकरी कुटुंबाला परवडत नाही. मग एक महिना चुकतो, दुसरा चुकतो आणि गोळी सुटते. त्यास ‘रुग्णाची बेफिकिरी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हा बेफिकिरीचा प्रश्न नसून मजुरीचा प्रश्न आहे.

गोळी सुटल्याची किंमत पुढे लकव्याच्या रूपाने वसूल होते. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतील २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. जे वाचतात त्यांना रुग्णालय काही दिवसांनी घरी पाठविते. तेथून पुढे त्यांना उठविणे, बसविणे, भरविणे, धुणे-पुसणे हे सारे पत्नीच्या किंवा सुनेच्या वाट्याला येते आणि तिचीही मजुरी बुडते. घरच्या घरी शुश्रूषा आपल्याकडे आजही चालू आहे. फक्त ती आजार हाताबाहेर गेल्यावर सुरू होते, बिनपगारी होते आणि स्त्रीच्या माथी मारली जाते. ही शुश्रूषा दहा-पंधरा वर्षे आधी सुरू व्हावी आणि तिचा भार समाजाने उचलावा, एवढीच मागणी आहे.

वर्ध्याच्या भूमीला ही कल्पना परकी नाही. डिसेंबर १९३५ मध्ये वर्धा मुक्कामी गांधीजी रक्तदाब वाढून आजारी पडले आणि त्यांना कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. पुढे सेवाग्रामच्या वास्तव्यातही हा विकार त्यांच्या सोबतीला होता. फेब्रुवारी १९४० मधील २२०/११० ही त्यांच्या रक्तदाबाची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत आढळते. त्यांचा रक्तदाब मोजला गेला, लिहून ठेवला गेला, आहार व विश्रांती त्यानुसार ठरली. आणि हे सारे ते राहत होते तेथे घडले. राष्ट्राच्या नेत्याला मिळालेली ती दक्षता त्याच परिसरातील मजुराला मिळू नये, याला कोणते तत्त्व म्हणावयाचे?

याच सेवाग्रामात १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसरातील गावांत आरोग्य विम्याची जी योजना चालविली, तिच्यात सुगीच्या वेळी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची आणि गरजेप्रमाणे उपचार घ्यावयाचे, असा व्यवहार होता. समाजवादाचे हे मूळ सूत्र गावकऱ्यांनी पायलीने मोजून अमलात आणले. परंतु संस्था आणि गाव यांतील असे प्रयोग शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाहीत. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील दोन्ही मोठी वैद्यकीय महाविद्यालये वर्धा शहराच्या अंगालाच आहेत. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील मजुराला ती जवळची नाहीत.

शासन काहीच करीत नाही, असेही नव्हे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे जिल्हे निवडले गेले, त्यांत वर्धा होता. औषधांची ठरावीक पद्धत, साध्या व स्वस्त गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची त्रिसूत्री योग्यच आहे. या उपक्रमाच्या अनुभवातून दोन गोष्टी पुढे आल्या. नोंदविलेल्या रुग्णांपैकी मोठा गट पुढच्या तपासणीला येत नाही. आणि मोठ्या रुग्णालयांपेक्षा गावाजवळच्या केंद्रांत रक्तदाब अधिक रुग्णांचा आटोक्यात राहतो. उपचार जितका घराजवळ, तितका तो टिकतो. मग तो उपकेंद्राच्या दारापाशीच का थांबावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना हा विकार आहे आणि त्यांपैकी जेमतेम १५ टक्क्यांचा रक्तदाब नियंत्रणात आहे. एवढी माणसे दर महिन्याला डॉक्टरांसमोर उभी करणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. त्याची आवश्यकताही नाही. निदान करणे, औषध ठरविणे आणि बदलणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु महिन्यातून एकदा घरी जाऊन, रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून यंत्राने रक्तदाब मोजणे, तो कार्डावर लिहिणे, महिन्याच्या गोळ्या देणे, लोणचे, पापड आणि ठेच्यातील मिठाविषयी घरात सर्वांशी बोलणे, तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, जीभ जड होणे ही धोक्याची लक्षणे ओळखून रुग्णाला तातडीने हलविणे, हे गावातील प्रशिक्षित स्त्री उत्तम रीतीने करू शकते.

यावर ‘हे अशिक्षितांचे काम नव्हे’ असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर वर्ध्यातच लहानाचे मोठे झालेल्या डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीत दिले. नवजात बालकाची देखभाल, हे तर रक्तदाब मोजण्याहून कितीतरी अवघड काम! १९९० च्या दशकात ३९ गावांतील अल्पशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी ते घरोघर केले आणि नवजात बालमृत्यूचा दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आणला. रक्तदाबाबाबत बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका येथील ग्रामीण भागांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आरोग्यसेविकांच्या गृहभेटी असलेल्या गावांत रक्तदाब इतर गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक उतरला. तामिळनाडू सरकारने तर ऑगस्ट २०२१ पासून लोकांच्या दारी औषध नेण्याची योजनाच सुरू केली. जे तेथे होते ते महाराष्ट्रात होणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

मात्र येथेच सावध राहावयास हवे. ‘घरपोच सेवा’ या गोंडस नावाखाली हे ओझे आशा स्वयंसेविकेच्या डोक्यावर आणखी एक बिनमोलाचे काम म्हणून टाकले जाण्याची भीती आहे. २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर फिरली ती आशाच. घोषणेत मात्र जबाबदारी कुटुंबाची आणि शासन नामानिराळे! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला, जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा पुकारावा लागला आणि मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडल्यानंतर मार्चमध्ये दरमहा ५००० रुपये वाढीचा शासन निर्णय निघाला. योजनेवरील कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली आहे. जिला कामगार म्हणून मान्यता नाही, तिच्या खांद्यावर कोट्यवधी रुग्णांच्या आयुष्यभराच्या उपचाराची इमारत उभी करणे हा तिच्यावरही अन्याय आहे आणि रुग्णांवरही.

म्हणून पक्षाची मागणी तीन अंगांनी मांडली पाहिजे. नोंदविलेल्या प्रत्येक रुग्णाला दरमहा घरी तपासणी आणि गोळ्या मिळाव्यात. आरोग्य केंद्रांत किमान तीन महिन्यांचा औषधसाठा असावा आणि त्याचा फलक दर्शनी भागी लावलेला असावा. आणि हे काम करणाऱ्या आशेला पगारी आरोग्य कर्मचारी म्हणून मान्यता असावी. यांतील एक अंग गाळले तर उरलेली दोन लुळी पडतात.

कार्यकर्त्यांना मात्र शासन निर्णयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या गावात रक्तदाबाचे किती रुग्ण आहेत, त्यांतील कितींची गोळी सुटली आणि का सुटली, याची यादी आशेला सोबत घेऊन करता येते. ती ग्रामसभेपुढे ठेवता येते. गाव आरोग्य समितीच्या बैठकीत उपकेंद्रातील साठ्याचा जाब विचारता येतो. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा जो प्रयोग झाला, त्याने असे प्रश्न विचारण्याची रीत घालून दिली आहे. शेतमजुरांच्या मेळाव्यात मजुरीच्या दराबरोबरच औषधापायी बुडणाऱ्या मजुरीचाही ठराव झाला पाहिजे. आष्टीपासून हिंगणघाटपर्यंत असे ठराव तालुका कचेरीवर येऊन धडकू लागले, की शासनाला ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ नव्याने ठरवावा लागेल.